सातधक्क्याचे पाव्हणे

आमच्या बीड जिल्ह्याला समुद्र मिळवून देणारा माणूस आजवर एकच झाला, आणि तो माझ्या चुलत्याचा साडू होता. जे सरकारला जमलं नाही, पुढाऱ्यांनी भाषणातसुद्धा कबूल करायचं धाडस केलं नाही, ते या गृहस्थांनी पाटोद्याच्या पलीकडल्या आमच्या उजाड माळावर, दूध सोसायटीच्या पायरीवर बसून, एका बिडीच्या खर्चात करून दाखवलं. आणि नुसता समुद्र नाही. समुद्राकाठी एक अख्खं शहर, शहराला बंदर, बंदरात जहाजं, गिरण्या, लोखंड वितळवणाऱ्या भट्ट्या, चोरटा माल आणि तो माल उतरवून घेणारे एकाहून एक नामांकित गुंड. त्या शहराचं नाव सातधक्के. आपण तिथं ऐन उमेदीची वर्षं काढली, असं ते सांगायचे.

गाव त्यांना पाव्हणे म्हणायचं. ते माझ्या चुलतबहिणीच्या लग्नाला म्हणून आले होते. हळद झाली, लग्न झालं, मांडव उतरला, त्या बहिणीची पोरं शाळेत जायला लागली, तरी पाव्हणे आपले इथंच. बायको आधीच वारलेली, मूलबाळ नाही. परत जायचं कुठं हा प्रश्न त्यांना पडला नाही आणि विचारायचं कसं हा आमच्या चुलत्याला सुटला नाही. सुरुवातीला चुलती रीतीप्रमाणं, "थांबा की पाव्हणं अजून" असं म्हणायची. त्यांनी तिचा शब्द कधी मोडला नाही.

धोतर, त्यावर बंद गळ्याचा कोट, आणि हा कोट वैशाखातही अंगावर. आमची टाळूची कातडी सोलून निघायची तेव्हा हे गळ्याचं बटण लावून बसलेले. विचारलं तर म्हणायचे, दर्याकडच्या वाऱ्याची सवय लागली की उघड्या अंगाला बाधतं. कामाशी त्यांचं वैर नव्हतं. दुसरा कुणी काम करत असला तर ते तासन् तास कौतुकानं बघत बसत. एकदा चुलत्यानं त्यांना कडबा बांधायला लावलं. पाव्हण्यांनी दिवसभर मनापासून पेंढ्या बांधल्या आणि संध्याकाळी गाडीत टाकायला उचलली ती एकूण एक पेंढी हातातच सुटली. तेव्हापासून आमच्याकडं न टिकणाऱ्या कुठल्याही गोष्टीला, मग ती सोयरीक असो की पुढाऱ्यांची युती, 'पाव्हण्याची गाठ' म्हणतात.

मी त्या वेळी दूध सोसायटीत दुधाचं फॅट मोजायच्या कामावर होतो. दुष्काळ लागला आणि दूध आटलं. हाडकुळी जनावरं चारा छावणीत गेली. सोसायटीत माशा मारायलासुद्धा माशा राहिल्या नाहीत. पण सोसायटीपुढची जागा मोठी, म्हणून पाण्याचा टँकर तिथं यायचा. तो कधी येईल ते टँकरवाल्यालाही ठाऊक नसायचं, त्यामुळं दुपारपासून हंड्यांची रांग लागायची आणि रांगेला धरून गाव बसायचं. तिथं पाव्हण्यांचं दुकान चालू व्हायचं. "सातधक्क्याची काय खबर?" असं कुणीतरी विचारायचं, ते बिडी पेटवायचे, आणि आमच्या कोरड्या माळावर जहाजं लागायला सुरुवात व्हायची.

जहाज जिथं लागतं त्याला धक्का म्हणतात, हे रांगेतल्या पुष्कळांना शेवटपर्यंत पटलं नाही. म्हाताऱ्या बायकांची अशी समजूत होती की त्या गावात शिरताना माणसाला सात वेळा ढकलतात. पाव्हण्यांनी हातवारे करून एकेक धक्का उभा केला. पहिल्यावर कापसाच्या गाठी, दुसऱ्यावर कोळसा, तिसऱ्यावर खजुराची पोती, आणि त्या खजुरात बियांच्या जागी सोनं. सोन्याचं जहाज आलं की फौजदार आपल्या हातानं चौकीतलं घड्याळ बंद करायचा, म्हणजे चोरी किती वाजता झाली हे कागदावर येतच नसे. भट्ट्यांच्या उजेडानं आभाळ असं लाल की तिथल्या कोंबड्यांना कधी आरवावं ते कळायचं नाही. पाणी केवढं, असं एका म्हातारीनं विचारलं. नजर पुरत नाही एवढं, पाव्हणे म्हणाले. गोड का खारं? खारं, म्हटल्यावर म्हातारीनं, मग त्याला काय करायचं, असं म्हणून हंडा पुढं सरकवला. सातधक्क्यावर इतकी कडक टीका दुसऱ्या कुणी केली नाही.

मी चार बुकं शिकलेला. शाळेतला नकाशा आणून मी पायरीवर पसरला आणि म्हटलं, दाखवा. पाव्हण्यांनी किनाऱ्यावरून बोट फिरवलं, बिडीचा झुरका घेतला आणि शांतपणे म्हणाले, "यात कसं घावंल? नकाशावाल्याला पैसं चारल्यात तितल्या गुंडांनी. चोरट्या मालाचं गाव हाय, दाखवून चालतंय व्हय?" पुढं बरेच दिवस रांगेतले लोक मलाच हसत होते.

तिथल्या गुंडांनी म्हणे आपसातली भांडणं मिटवायला सहकारी सोसायटी काढली होती. तिची वार्षिक सभा भरायची, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम व्हायचं, चिवडा-चहा व्हायचा आणि निवडणूक दरसाल बिनविरोध, कारण विरोधात अर्ज भरणारा माणूस अर्ज मागं घ्यायच्या मुदतीत दर्यात सापडायचा. हे आमच्या चेअरमनच्या कानावर गेलं. तेही नेहमी बिनविरोध यायचे. त्यांनी येऊन पाव्हण्यांना बजावलं की सोसायटीच्याच पायरीवर बसून सोसायटीची बदनामी बरी नव्हे. पाव्हणे उठून उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले की साहेब, तुमचा विषयच नाही, ते लोक वेळच्या वेळी सभा घेतात.

पण खरी गंमत झाली ती 'टोळी' या शब्दानं, आणि पुढं जे झालं तेही त्याच शब्दानं. आमच्याकडं टोळी म्हणजे ऊस तोडायला कारखान्याला जाणाऱ्यांची. दसरा सरला की मुकादम गावातून कोयते गोळा करतो. कोयता म्हणजे इथं नुसतं हत्यार नव्हे, नवरा-बायकोची जोडी. एकानं ऊस तोडायचा, दुसऱ्यानं मोळी बांधायची, दोघांचा मिळून एक कोयता. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला मुकादम उभं करत नाही. तेव्हा दर धक्क्यावर एकेक टोळी आहे, असं पाव्हण्यांनी म्हणताच रांगेतून पहिला प्रश्न आला, मुकादम कोण आणि कोयते किती? दरोडेखोरांची टोळी वेगळी, हे त्यांना तेव्हाच सांगता आलं असतं. पण गोष्टीच्या मध्येच थांबणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. तिसऱ्या धक्क्याची टोळी सगळ्यात मोठी, लई कोयते हायत, असं त्यांनी ठोकून दिलं. आमच्या डोळ्यांपुढचे गुंड तेव्हापासून गळ्यात रेशमी रुमाल बांधून, सोनं लपवून झाल्यावर मोळ्या बांधायला लागले.

त्या रांगेत गया असायची. आमच्याच गल्लीतली, अंकुशची बायको. हंगाम संपवून गावाकडं निघताना, कारखान्याजवळच्या त्यांच्या तळावर ट्रक भरत होता. अंकुश, तंबाखू घेऊन आलोच, म्हणून गेला आणि आला नाही. ट्रक थांबला, माणसं हिंडली, चौकीत फोटो दिला. अंकुशचा पत्ता नाही. कुणी म्हणे नदीत गेला, कुणी म्हणे दुसरीकडं घर केलं. गयानं कुंकू लावावं की पुसावं, हे तिला धड कुणी सांगत नव्हतं. पुढच्या साली तिचा बिनलग्नाचा भाऊ तिला जोडीला घेऊन गेला, म्हणून तिची चूल पेटली. ती रांगेत बसायची, पण कुणाशी बोलायची नाही, सातधक्क्याच्या गोष्टींनाही हसायची नाही.

एका दुपारी पाव्हणे तिसऱ्या धक्क्यावर आले असताना तिनं मान वर केली. "पाव्हणं, तिकडं आपल्याकडचं कुनी दिसतं का वं?"

  पाव्हण्यांची बिडी बोटातच विझली. मग ते हळूच म्हणाले, "दिसतं की. तिसऱ्या धक्क्यावर एक जन हाय. पाटोद्याकडचा म्हनतो. त्याच टोळीत हाय."

त्या दिवसापासून प्रत्येक टँकरला अंकुशची खबर येऊ लागली. पाव्हण्यांना ती कुठून कळायची हे कुणी विचारलं नाही. अंकुश आता पायात बूट घालतो. मासळी खातो, पण काट्यांवरून कुरकूर करतो. गया ऐकायची, आणि काट्यांचं ऐकून ती हसली. ते तसेच आहेत जेवायला, म्हणाली. ती वेणी घालायला लागली. चुलती एकदा पाव्हण्यांवर चिडली, बाईच्या जिवाशी खेळू नका म्हणाली. पाव्हणे त्या दिवशी जेवले नाहीत, आणि जेवण चुकवणारा तो माणूस नव्हता.

तशात गयाच्या भावाचं लग्न झालं. आनंदाचीच गोष्ट, पण त्याचा कोयता पुरा झाला आणि गया पुन्हा अर्धी राहिली. दसरा आला. गावात पाऊस नाही, कुणाकडं काम नाही, आणि मुकादम तिला दारातूनच नाही म्हणाला. ती बोचकं बांधून, त्यात कोयता खुपसून, सरळ सोसायटीच्या पायरीपाशी आली. मी आत होतो. पाव्हणे नेहमीच्या जागी.

ती म्हणाली, "पाव्हणं, टोळी म्हनलं की जोडी लागतीच. त्ये तिथं अर्धा कोयता, मी हितं अर्धा. मला तिथं न्हेऊन घाला. दोघांचा येक हुईल."

"तिथली टोळी येगळी असती, बाई."

"टोळी ती टोळी. तुमीच म्हनलाव ना, लई कोयते हायत म्हनून?"

 पाव्हणे उठले, कोटाचं गळ्याचं बटण काढलं, आणि मुकादमाच्या घराकडं चालू लागले. हिच्या जोडीला मी, असं त्यांनी तिथं जाऊन सांगितलं. मुकादम पोट धरधरून हसला. पण टोळीतल्या बायकाच म्हणाल्या, येऊ द्या म्हाताऱ्याला, गोष्टी सांगंल. गया तोडील आणि पाव्हणे बांधतील असं ठरलं. पाव्हणे आणि मोळी बांधणार! गावाला हसावं की रडावं कळेना.

ट्रक निघाला तेव्हा मी त्यांना चढायला हात दिला. आता खरं सांगा, सातधक्के आहे का कुठं, असं मी हळूच विचारलं. ते माझ्याकडं जरा रागानंच बघत राहिले. "येड्या, असतं तर तिला तिथंच न्हेलं नसतं का?" मग ट्रकच्या फळीला धरून, चुलतीकडं बघून म्हणाले, "येतो." इतक्या वर्षांत पाव्हण्यानं घरधन्याचा निरोप घ्यायची ही पहिलीच खेप. चुलतीनं पदर डोळ्याला लावला.

गुढीपाडव्याच्या सुमाराला टोळी परतली आणि तीत पाव्हणे नव्हते. थंडीतापानं तिकडंच गेले. गयाच्या भावानं अग्नी दिला. वाहत्या नदीच्या काठी जाळलं एवढंच सगळे पुन्हा पुन्हा सांगत होते, जणू ती त्यांची शेवटची हौस पुरी झाली. मी सोसायटीत गेलो, पायरी झाडली, आणि मला तिथं बसवेना. मी त्या माणसाला आयुष्यभर रिकामटेकडा समजत आलो होतो आणि आता सोसायटीच रिकामी वाटत होती.

पुढं गयानंच मला सगळं सांगितलं. उसाच्या पात्यानं त्यांचे हात फाटले. त्यांची मोळी डोक्यावर घेतली की सुटायची. ती गुपचूप पुन्हा बांधायची. तळावरून कारखाना दिसायचा. धुराडं, भोंगा, दिवे, उसाच्या गाड्यांची रांग, ऊस उतरवायची गव्हाण. एका संध्याकाळी भाकरी खाताना त्यांनी तिकडं बोट केलं. तरणेपणी अशाच कारखान्याच्या फाटकावर एक हंगाम राखण केली, म्हणाले, तेवढंच माझं फिरणं. त्या गाड्यांची मी जहाजं केली, गव्हाणीचा धक्का केला. दर्या मी पाहिलेला नाही. आणि अंकुशचं मला काही ठाऊक नाही, पोरी.

गया त्यानंतर त्यांच्याशी बोलली नाही. ते खाली मान घालून मोळ्या बांधत राहिले. मग एक दिवस बांधावर भाकरी सोडताना तिनंच विचारलं, सातधक्क्याच्या त्या बिनविरोध चेअरमनचं पुढं काय झालं? म्हातारा रडला आणि मग त्यानं सांगितलं.

यंदाही पाऊस नाही. टँकर येतो, रांग लागते. परवा कुणीतरी निव्वळ सवयीनं, रिकाम्या पायरीकडं बघून म्हणून गेलं, सातधक्क्याची काय खबर? आणि जीभ चावली. रांगेत कुणी कुणाकडं बघेना. गया आपला हंडा विसळत होती. तिच्या कपाळावर कुंकू नव्हतं. कधी पुसलं ते तिनं कुणाला सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही. हंड्यावरची नजर न काढता ती म्हणाली, "तिसऱ्या धक्क्यावर नवा मानूस आलाय. म्हातारा हाय. मोळी लई ढिली बांधतो."

थोडं हसू पसरलं. ते विरल्यावर ती म्हणाली, "आमचे ह्ये तोडत्यात, त्यो बांधतो. पुरा कोयता झालाय त्येंचा."

टँकर आला. ती उठून पुढं गेली.