मिस्त्रीची सही

आमच्या घरात तीन पिढ्या कचेरीत गेल्या. कुठलाही अर्ज करायचा तर सही घेतलेल्या दोन कोऱ्या प्रती जवळ ठेवायच्या, हे शहाणपण आम्हाला बाळकडूतच मिळालेलं. पांढरकवड्याला एका मिस्त्रीबरोबर ट्रक दुरुस्तीचा कारखाना काढला तेव्हा मी तेच केलं. हात त्याचा, कागद माझे.

"कोऱ्यावर सही कायले, भाऊ?" त्यानं विचारलं. तरी उर्दूत दोन सह्या ठोकल्याच.

फर्मच्या नोंदणीचा अर्ज गेला आणि परत आला. विदर्भ मुंबई राज्यात जाऊन महिने लोटले होते, पण माझ्या हातानं सवयीनं पत्त्यात 'मध्य प्रदेश' लिहिलं होतं. दुसरा अर्ज करा, असा शेरा होता. तोवर मिस्त्री तीन दिवसांच्या तापानं गेला होता.

दोघांतला एक गेला की भागीदारी संपते, हे मला ठाऊक होतं. मग त्याच्या बायकोच्या हाती उरणार फक्त हत्यारांची पेटी. हे मला सहन होईना. शिवाय, खोटं कशाला बोलू, ट्रकवाले थांबायचे ते त्याच्या नावावर. मी कोरी प्रत काढली, मजकूर भरला, त्या दिवसाची तारीख घातली. माझी शाई वाळली, तरी त्याची सही ओली दिसत होती. बोट लावून पाहायची हिंमत झाली नाही.

साक्षीसाठी वडिलांचे स्नेही असलेल्या वकिलांच्या कचेरीत गेलो. ते गावाहून नुकतेच परतलेले, मिस्त्री गेल्याचं त्यांच्या कानावर नव्हतं.

"मिस्त्री आला आहे ना?"

"बाहेर उभा आहे," मी म्हणालो.

भर दुपार होती. वकिलांनी खिडकीबाहेर पाहिलं, मान हलवली. "सलाम करतोय," म्हणाले आणि शिक्का मारला. अंगणात निंबाखाली कोणी नव्हतं. वकिलांना मोतीबिंदू आहे, असं मी पुढे कितीतरी दिवस स्वतःला बजावत राहिलो.

नोंदणी झाल्यावर अर्जाची नक्कल घेऊन मी त्याच्या घरी गेलो. त्याची बायको नवऱ्यामागं पाळायच्या इद्दतीत, पडद्याआड बसलेली. तिच्या भावानं नक्कल वाचून दाखवली. वकिलांसमोर हजर होऊन सही केली, हे वाक्य आणि खालची तारीख, दोन्ही. मला वाटलं, हिस्सा शाबूत राहिला म्हणून तिला धीर येईल.

तिनं भावाला तारीख पुन्हा वाचायला लावली.

"भाऊ, हे तारीख तर माती दिल्यानंतरची हाये," ती म्हणाली. "त्या दिवशी ते आलते?"

'नाही' म्हणायला मी तोंड उघडलं. वकिलांची हललेली मान डोळ्यांसमोर आली.

ती रडत नव्हती. पडद्याआडून तिनं अगदी हळू विचारलं, "कचेरीत आले, मंग घरी काहून नाही आले?"