मागचं इंजिन

जेवणाच्या टेबलावरची आमची खेळण्यातली रेल्वे आजपासून दुमजली! जुन्या दिवाळी अंकांच्या चढत्या थप्प्यांवर रूळ टाकून वरच्या मजल्यापर्यंत घाट केला. पण डबे ओढत निघालेलं इंजिन अर्ध्यावर धापा टाकायचं आणि घसरत खाली यायचं. मी वैतागून डबे कमी करायला लागलो, तशी बायको म्हणाली, "अहो, कर्जतला काय करतात? मागून दुसरं इंजिन लावा की!"

लावलं. गाडी सरसर माथ्यावर! आम्ही दोघांनी लहान मुलांसारख्या टाळ्या पिटल्या.

खऱ्या घाटात माथा आला की मागचं इंजिन सोडतात आणि गाडी पुढे निघून जाते. आपल्याला रेटत वर आणणारी माणसंही अशीच मागे राहतात. मी ते इंजिन उचलायला गेलो, तर तिनं माझा हात धरला.

"राहू दे हो. आपल्याला कुठं लांब जायचंय?"