उर्मिला सिस्टर आणि कडू घास

पेशंट गेला की कॉटखाली त्याची चप्पल राहून जाते बघा, तसे आमच्या वॉर्डात किस्से राहून जातात. न्यायला कुणी परत येत नाही. मी नांदेडात दवाखान्यात ब्रदर म्हणून नोकरीला लागलो तेव्हापासून हे साठत आलेत, आणि त्यातले निम्मे तरी आमच्या उर्मिला सिस्टरचे असतील. वॉर्ड आमचा अतिगंभीर पेशंटचा. इथून चालत घरी जाणारे थोडे. त्यामुळे हसत सांगायला बसलो तरी मध्येच गाडी भलतीकडे वळते, तेवढं सांभाळून घ्या.

* * *

सिस्टर मूळच्या अहमदपूरच्या. संसार टिकला नाही, भाऊबंद विचारत नाहीत. घरात त्या आणि त्यांची म्हातारी आई, आक्का. बस्स, एवढंच गोत.

तर सिस्टरना सवय अशी की त्या बेशुद्ध पेशंटशी गप्पा मारतात. "मामा, कूस बदलायले तुमची बरं का. हात थंड हाय माझा, दचकू नका!"

एकदा पुण्याहून आलेला नवा डॉक्टर हसला. म्हणाला, "सिस्टर, पेशंट अनकॉन्शस आहे."

"तो हाय सर. मी न्हाई ना!"

आम्ही तोंड फिरवून हसलो. पण ते मामा दुसऱ्या दिवशी दुपारी गेले. मी पडदा ओढायला गेलो तर सिस्टर नाकातली नळी काढत होत्या आणि हळूच सांगत होत्या, "झालं मामा, ही शेवटची. आता कुणी टोचणार न्हाई." तेव्हा मला काही हसू आलं नाही.

* * *

नायगावचे एक आजोबा होते. मुलं, सुना, नातवंडं सगळी येऊन भेटून गेली, तरी म्हातारा दाराकडेच बघत राहायचा. सिस्टरनं खोदून खोदून विचारलं तेव्हा लाजत बोलला, "म्हैस."

आता म्हैस कशी आणणार? सिस्टरनं त्यांच्या मुलाला व्हिडिओ कॉल लावायला सांगितला. मुलगा गोठ्यात, सिस्टरच्या हातात फोन, आवाज फुल. आजोबांनी घोगऱ्या आवाजात हाक मारली मात्र, म्हैस अशी हंबरली की अख्खा वॉर्ड हादरला! नेमके मोठे सर राऊंडला आलेले.

"कोण पेशंट ओरडतोय?"

"पेशंट न्हाई सर," सिस्टर म्हणाल्या, "नातेवाईक हाय!"

सर पुढच्या कॉटकडे गेले. आजोबा संध्याकाळच्या आत गेले. मुलगा नंतर म्हणाला, म्हैस दोन दिवस वैरणीला तोंड लावत नव्हती. खरं-खोटं त्यालाच माहीत, पण सांगताना तो रडत होता आणि सिस्टरही.

* * *

मग लाल खुर्चीचं प्रकरण. वाईट बातमी उभ्या उभ्या सांगायची नाही, हा सिस्टरचा नियम. प्लास्टिकची एक लाल खुर्ची होती. ती आणायची, माणसाला बसवायचं, हात हातात घ्यायचा आणि मग सांगायचं. हळूहळू बाहेरच्या नातेवाइकांना हे कळलं. सिस्टर खुर्ची घेऊन निघाल्या की व्हरांड्यातली माणसं भिंतीला चिकटायची!

लातूरकडची एक बाई नवऱ्याच्या उशाशी सकाळपासून उभी होती. पाय सुजून टम्म. सिस्टरला दया आली, त्यांनी लाल खुर्ची उचलून तिच्याजवळ नेली. बाईनं खुर्ची बघितली आणि असा हंबरडा फोडला की काय सांगू! कपाळ बडवायला लागली.

तेवढ्यात कॉटवरून आवाज आला, "आगं ए, मी जिता हाय की!"

हसून हसून आमची मुरकुंडी वळली. सिस्टर मात्र हसल्या नाहीत. त्यांनी ती खुर्ची स्टोअरला पाठवून दिली. त्या दिवसापासून बातमी सांगायची तर त्या नातेवाइकांसोबत खाली फरशीवर बसायच्या. गुडघे दुखायचे त्यांचे, तरी बसायच्या.

* * *

आमच्याकडे माती झाली, म्हणजे अंत्यविधी उरकला, की त्या घरात चूल पेटत नाही. सोयरे भाकरी घेऊन येतात आणि घरच्यांना पहिला घास आपल्या हातानं भरवतात. त्याला कडू घास म्हणतात. माती होईपर्यंत मात्र कुणी अन्नाला शिवत नाही.

धर्माबादचा एक मिरचीचा व्यापारी होता. झुपकेदार मिशा, आणि वॉर्डभर सगळ्यांवर ओरडत फिरायचा. आई आमच्याकडे ॲडमिट होती, ती गेली तसा कॉटला धरून बसून राहिला. स्वतः शुगरचा पेशंट, सकाळपासून उपाशी. आईला घरी न्यायची गाडी यायला वेळ होता, आणि इकडे याचे हात थरथरायला लागलेले. सिस्टरनं स्वतःचा डबा उघडून त्याच्यापुढे धरला.

"माती झाल्याबिगर खात नसतेत, सिस्टर."

"आन् तूच पडलास तर मातीला कोण जाईल?"

"न्हाई जमायचं."

"घरी सोयरे घालतील तो कडू घास. हा माझा हाय. तोंड उघड!"

एवढा मिशाळ गडी, लहान पोरासारखं तोंड उघडलं त्यानं. सिस्टर त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. अर्धी भाकरी भरवली, तेव्हाच उठल्या.

* * *

आमच्याकडे दरवर्षी सिस्टरांचा सत्कार होतो. शाल, नारळ, फोटो. घरी जाताना पेशंट ज्या सिस्टरचं नाव घेतात, तिला मिळतो. म्हणजे दरवेळी बाळंतिणींच्या वॉर्डाला! तिथं पेढे वाटतच माणसं बाहेर पडतात. आमच्या वॉर्डातून कोण पेढे वाटणार? मी जाम तापलो होतो. सिस्टर टाळ्या वाजवत होत्या.

"तुम्हाला काहीच कसं वाटत न्हाई हो?" मी विचारलं.

"शालीचं काय करू, माधव? कपाट भरलंय आक्काच्या लुगड्यांनी." मग जरा थांबून म्हणाल्या, "एक येतं मनात. उद्या आक्का गेली तर मला घास घालायला कोण हाय? भाऊबंद येणार न्हाईत. आन् ज्यांचं माणूस इथं गेलं, ते परत इकडं तोंड करत असतेत का?"

मी चहा मागवला.

* * *

गेल्या उन्हाळ्यात आक्का आमच्याच वॉर्डात वारल्या. सिस्टर औषध आणायला खाली गेल्या होत्या, तेवढ्यात. सांगायचं माझ्यावर आलं. त्या जिना चढून आल्या, मी व्हरांड्यात फरशीवर बसलेला दिसलो. हातातली पिशवी खाली ठेवली आणि माझ्याशेजारी बसल्या. मला काही बोलावंच लागलं नाही.

माती उरकून आम्ही वॉर्डातले चौघे त्यांच्या घरी परतलो. मी कँटीनमधून डबा मागवून ठेवला होता. म्हटलं, आपणच काय ते सोयरे. सिस्टर कोपऱ्यात भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी डबा उघडणार, तोच दारात नायगावच्या त्या म्हशीवाल्या आजोबांचा मुलगा, हातात फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या. त्याच्यामागे लातूरकडची ती बाई, आणि तिला धरून तिचा जिता नवरा. मग आणखी माणसं. कुणाची आई आमच्याकडे गेलेली, कुणाचा भाऊ. अंगणात चपला मावेनात. कुणाला कुणी सांगितलं, मला अजून माहीत नाही.

सिस्टर मान हलवत होत्या. "भूक न्हाई रे बाबांनो. ठेवा तिथं."

गर्दीतून धर्माबादचा व्यापारी पुढे आला. आपला डबा उघडून फरशीवर त्यांच्यासमोर बसला, भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्याला लावला.

"माती झाली की आता," तो म्हणाला. "सिस्टर, तोंड उघडा."