पेपर धाकट्याच्याच हातात

आमचा जिल्हा मध्य प्रदेशात होता तेव्हाची गोष्ट. बाबांनी धाकट्याला वर्ध्याच्या हायस्कुलात घातलं आणि मला चौथीतून काढून आर्वीच्या बैलबाजारात उभं केलं. ते मी अजून विसरलेलो नाही. दिवाळीला तो घरी आला, की बाबा चार माणसं जमवून त्याच्याकडून पेपर वाचून घेत. एकदा कापसाच्या बातमीत तो ‘निर्यात’ या शब्दावर अडला.

“शब्दकोश वर्ध्यालेच राह्यला,” तो म्हणाला.

बैलांचा सौदा रुमालाखाली बोटं धरून होतो. दुसऱ्यांचा भाव दिसत नाही, तो आम्ही त्यांच्या चेहऱ्यांवरून ताडतो. मी म्हटलं, “मांगची अन् पुढची ओळ वाच.” मागे गाठी जहाजात भरल्या होत्या, पुढे परदेशातल्या गिरण्या होत्या.

“म्हणजे माल देशाबाहेर विकाले पाठवणं,” मी सांगितलं.

“बरोबर हाय, दादा.”

आता तरी पेपर मिळेल म्हणून मी हात पुढे केला. बाबा लोकांना म्हणाले, “शिकलेल्याच्या संगतीनं बैलवालाबी हुशार झाला. तू वाच बाप्पा पुढं.”

मी फराळाची ताटली आपटून गोठ्यात गेलो. तिथेही त्याचा आवाज येत होता, आणि तो वाचत होता छान.