नावेत चढायला नको म्हणणारी बाई

युद्धाच्या त्या हिवाळ्यात रियाधमधली, अल मलाझची आमची इमारत रिकामी होत गेली. नवरा कंपनीच्या कामाने जिझानला अडकला होता. फोनवर त्याचं एकच पालुपद, "कुणाच्या गाडीत जागा मिळाली तर जेद्दाला निघून जा." हल्ल्याच्या भोंग्यांना मी भीत नाही, असं मी सगळ्यांना सांगे. पण एकटेपणाने जीव नकोसा झाला होता.

मी बाहेरून इंग्रजीचं एम. ए. करत होते. पेपर मध्ययुगीन इंग्लंडच्या धार्मिक नाटकांचा. तिथे एकेका धंद्याचे लोक एकेक प्रसंग गाड्यावर उभा करून गावभर फिरवत. जलप्रलय कुठे नावाड्यांकडे, कुठे पाणक्यांकडे. बायकांची कामंही बाप्येच करत. नाव बांधणाऱ्या म्हाताऱ्याची बायको मला फार आवडे. मैत्रिणींना सोडून चढणार नाही, म्हणून ती हटून बसते. शेवटी मुलगे तिला उचलूनच आत नेतात.

माझ्याखेरीज इमारतीत एकच बाई उरली होती, वरच्या मजल्यावरची रत्नागिरीची शेजारीण. चिकटपट्ट्या लावलेल्या खिडक्यांआड आम्ही दोघी हळू आवाजात तो प्रसंग करायचो. म्हाताऱ्याचं काम तिनं साफ नाकारलं. "तो आमच्यात पैगंबर. त्याचं सोंग? तौबा! मी त्याचा मुलगा होते." मग मनगट धरून मला नाव ठरवलेल्या गालिच्याकडे ओढायची, "चल गो, पाणी चढलं!" मी पाय रोवायचे. हसून हसून मुरकुंडी वळायची.

एका सकाळी ती नवऱ्यासोबत दारात आली. सामान गाडीत भरून झालं होतं. तो म्हणाला, "भाभी, आम्ही जेद्दाला निघालो. येता काय?"

मला जायचंच होतं. पण पहिल्या हाकेला हो म्हणायची आमच्यात रीत नाही. कुणी पानात वाढायला आलं तरी दोनदा नको म्हटल्याशिवाय आम्ही पानावर आडवा धरलेला हात काढत नाही.

"छे, तुम्हाला कशाला अडचण? तुम्ही व्हा पुढे," मी म्हणाले, आणि बोलताबोलताच पायात चपला सरकवल्या.

"बरं," तो म्हणाला. घाईत होता बिचारा. तिनं मला मिठी मारली, "जप गो," म्हणाली, रडली आणि जिना उतरली.

मला तिचा भयंकर राग आला. अजून एकदा विचारलं असतं तर काय बिघडलं असतं? खाली गाडी सुरू झाली. कुणीतरी परत वर येईल म्हणून मी दार उघडंच ठेवलं. दुपार झाली, तरी चपला काढल्या नव्हत्या.