कोंबड्यांना रिठा घालणारे साडू

आमच्या साडूंइतका हुशार माणूस अख्ख्या वऱ्हाडात झाला नाही, असं त्यांचंच मत होतं, आणि ते खोडायची कुणाची टाप नव्हती. नांदुऱ्याच्या कचेरीत ते नक्कलनवीस. दिवसभर दुसऱ्यांचं लिहिलेलं उतरवून काढायचं, आणि घरात पाऊल टाकताच शोध लावायचे! नागपूरहून कुक्कुटपालनाचं सरकारी पत्रक नकलेला आलं, तेवढ्यावर यांनी सोवळ्या गल्लीत वीस कोंबड्या आणल्या. स्वतः अंड्याला शिवत नसत. अंडी सगळी दवाखान्यातल्या आजाऱ्यांना. घरात मूलबाळ नव्हतं, म्हणून एकेकीला नाव ठेवलेलं. गंगी रुसली की साडूही जेवत नसत.

पावसाळ्यात खुराड्याचा असा दर्प सुटला, की शेजारचे भटजी संध्या सोडून शिव्या द्यायला लागले. गल्लीनं निकाल दिला : पोळ्यापर्यंत वास गेला नाही, तर कोंबड्या गेल्या. साडूंचं तोंड एवढंसं झालं. पण हुशारी थोडीच गप्प बसते? दुसऱ्या दिवशी मेहुणी न्हायला बसली, तर रिठ्याचा डबा रिकामा.

"रिठ्यानं केसाचा मळ जाते, तं पोटातला काऊन नाही जानार?" साडूंनी मलाच दरडावलं. बायकोच्या एका न्हाण्याला जेवढे रिठे, तेवढ्यांची पूड त्यांनी रोज सकाळी कोंबड्यांच्या कण्यांत कालवली. केवढं ते शास्त्र! कोंबड्यांनी एक चोच मारली आणि पाठ फिरवली. चार दिवसांत गंगी नुसती पिसं पांघरून हिंडायला लागली. "पाहा, कशी चपळ झाली!" साडू म्हणाले. मेहुणी चिकणमातीनं केस धूत होती.

आणि काय सांगावं! पोळ्याच्या आत कोंबड्या पुन्हा टुणटुणीत झाल्या, दर्पही ओसरला. भटजी नाक वर करून खुराड्याभोवती तीनदा फिरले आणि निमूट घरी गेले. मग साडूंनी हा रिठा आम्हाला जन्मभर ऐकवला. आम्ही तोंडावर माना डोलवायचो आणि पाठीमागे पोट धरून हसायचो.

साडू गेल्यावर महिन्याभरानं मी मेहुणीकडे गेलो, तर ती अंगणात कोंबड्यांच्या घोळक्यात रिठा कुटत बसलेली. मी थट्टेनं म्हटलं, "अगं, चांगला मूठभर घाल!"

"मुठीनं मेल्या असत्या त्या, भाऊजी. गंगी वाळली तवापासून, हे कचेरीत गेले, का मी ते सारं उकिरड्यावर फेकत होती, अन् दुसऱ्या कण्यांत चिमूटभर घालत होती. तेवढ्यानंच वास गेला."

"मग त्यांना सांगितलं का नाहीस?"

"काऊन सांगू? सारा जनम लोकाईचं उतरवलं त्याईनं. येवढं एकच त्याईचं सोताचं होतं."

तिनं चिमूटभर पूड कण्यांत टाकली आणि कितव्या तरी गंगीला हाक मारली. मला काही त्या दिवशी हसता आलं नाही.