डाव्या हाताची निब

माझ्या सासूबाईंना खोटं ठरवायचं असेल, तर माणसाने आधी कामावरून रजा काढावी. अर्ध्या दिवसात ते काम उरकत नाही. सतरा वर्षं त्यांची सून म्हणून नांदले आहे, तेव्हा हे मी ऐकीव सांगत नाही.

त्यांचा धंदा पेनं दुरुस्त करण्याचा. झेरॉक्सचं दुकान आणि चपलांचं दुकान यांच्या मधोमध एक फळी, एक काच आणि एक उंच स्टूल मावेल एवढी जागा, तिथे त्या चाळीसहून जास्त वर्षं बसल्या आहेत. डोळ्याला भिंग आणि बोटांना शाई. सगळा बाजार त्यांना 'निबवाल्या बाई' म्हणतो. वाकलेली निब सरळ करायची, खरखरणारी गुळगुळीत करायची, लिहिणाऱ्याच्या हाताला जसं वळण असेल तसं तिचं टोक घासून द्यायचं. "झालं," असं त्यांनी म्हटलं की गिऱ्हाईक पेन खिशाला लावून चालू लागे, कागदावर रेघसुद्धा ओढून बघत नसे. हीच त्यांची खरी मिळकत. दुसऱ्या मिळकतीबद्दल न बोललेलं बरं.

हे काम त्यांना मालकांनी शिकवलं. मालक म्हणजे त्या जागेचे आधीचे धनी. एकटे, तिरसट आणि डावखुरे. जाताना त्यांनी ती जागा आणि जन्मभर जमवलेली छत्तीस जुनी पेनं सासूबाईंच्या नावे करून दिली. पेनं बरीच वर्षं कपाटात पडून होती. पुढे सासूबाईंचे गुडघे स्टुलाशी असहकार करू लागले, तेव्हा त्यांनी ठरवलं की पेनं गंजू देण्यापेक्षा इंटरनेटवरच्या खरेदी-विक्रीच्या एका साइटवरून एकेक करून जाणत्या माणसाला विकायची. हे काम माझ्याकडे आलं, कारण घरात मोबाइलला न घाबरणारी मी एकटीच. आमचे हे विम्याच्या कचेरीत आहेत. त्यांना मोबाइलचीच काय, दाराच्या घंटीचीही भीती वाटते.

पहिली पाच पेनं सुखरूप गेली. सहावं निघालं मालकांचं रोजच्या वापरातलं हिरवं पेन, सोन्याच्या निबेचं. डाव्या हाताने लिहिणारा माणूस निब ओढत नाही, ढकलतो, म्हणून साधी निब त्याला कागदात रुतते. मालकांसाठी सासूबाईंनी ही निब तिरकी घासली होती. अशी निब हौशी लोकांना सहसा मिळत नाही, त्यामुळे किंमतही तशीच होती. मी मोबाइलवर वर्णन लिहायला बसले.

"खोट आधी लिही," सासूबाई म्हणाल्या.

"आई, लोक वस्तूचे गुण सांगतात. दोष सांगून कुणी विकतं का?"

"मी विकते. लिही. आडवी रेघ ओढली की खालच्या कडेला केसाएवढी पांढरी फट राहते. निब घासताना माझा हात चुकला होता. तेव्हा वय वर्षं तेवीस."

"वय कशाला?"

"म्हणजे कळेल की आता चुकत नाही."

मी लिहिलं. त्यांनी त्या पेनाने ओढलेल्या दहा रेघांचा फोटोही टाकला. मात्र पेन डब्यात ठेवताना आणि डबा बंद करताना व्हिडिओ काढू या म्हटलं, तर बाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "माझ्या शब्दाला साक्षीदार लागत नाही," म्हणाल्या, आणि चिकटपट्टी स्वतःच्या दातांनी तोडली. मी सांगत होते. हे वाक्य मी नंतर बऱ्याचदा म्हटलं, आणि आता इथेही एकदा म्हणून घेते.

घेणारा फार गोड माणूस होता. ताई काय, नमस्कार काय. पेन पोचलं त्याच्या तिसऱ्या दिवशी त्याने साइटकडे तक्रार केली: पेन बनावट आहे, टोपण तडकलेलं आहे, पैसे परत करा. साइटने आम्हाला एका शब्दाने न विचारता त्याचे पैसे त्याला देऊन टाकले. आठवड्याने पेन परत आलं. सासूबाईंनी दुकानात डबा उघडला, पेन हातात घेतलं, बाहीवर घासलं आणि नाकाशी नेलं.

"हे आपलं नाही," त्या म्हणाल्या.

जुन्या पेनाचं अंग घासलं की कापरासारखा वास येतो. याला प्लॅस्टिकच्या बादलीचा वास येत होता. रंग हिरवा, पट्टे तसेच, पण निबेवर नुसता सोन्याचा मुलामा. त्यांनी ती शाईत बुडवून आडवी रेघ ओढली. रेघ स्वच्छ आली, फट कुठेच नाही. सासूबाईंचा चेहरा पाहून मला पहिल्यांदा भीती वाटली. खरं पेन ठेवून घ्यायचं, खोटं परत पाठवायचं, वर पैसेही घ्यायचे आणि पुन्हा आपणच ओरडायचं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

मी साइटला फोन लावला आणि आवाज मोठा करून सासूबाईंच्या पुढ्यात ठेवला. पलीकडचा तरुण फार नम्र होता.

"मॅडम, म्हणजे आपली तक्रार अशी आहे की परत आलेल्या पेनात दोष नाही?"

"हो," सासूबाई म्हणाल्या.

"मग ते चांगलंच आहे ना, मॅडम."

"अहो, माझ्या पेनात दोष होता. मी तसं लिहूनही दिलं होतं. ज्यात दोष नाही ते माझं नाही."

"पॅकिंगचा व्हिडिओ आहे का?"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. "नाही," म्हणाल्या. पुढे त्यांनी वासाचं सांगितलं. वास नोंदवायची सोय साइटकडे नव्हती.

पैसे गेले, पेन गेलं, तरी त्यांनी ते गिळलं असतं. पण साइटवर त्यांच्या नावाखाली लाल अक्षरांत एक ओळ आली: 'या विक्रेत्याने बनावट वस्तू पाठवल्याचे आढळले आहे.' उरलेली तीस पेनं कुणी विचारेना. ते एक परवडलं. पण वीस वर्षांचे गिऱ्हाईक असलेले एक वकील दुकानात आले, पेन दुरुस्त करून घेतलं, आणि "झालं" म्हटल्यावर खिशाला न लावता त्यांनी कागद मागितला. दोन रेघा ओढल्या. पेन उजेडात धरून बघितलं. "राग मानू नका बाई," ते म्हणाले, "हल्ली मोबाइलवर काय काय वाचायला मिळतं." सासूबाईंनी राग मानला नाही, निदान त्यांच्यासमोर. घरी येऊन त्या जेवल्या नाहीत.

मला रडू आलं, आणि त्याहून जास्त संताप आला. ज्या बाईने स्वतःची पन्नास वर्षांपूर्वीची चूक विकताना लिहून दिली, तिला कुणी तरी ऐरागैरा बनावट म्हणतो, आणि ते खरं धरायला एक बटण पुरतं.

आमच्या यांनी तडजोडीचा झेंडा काढला. साइटने 'सदिच्छा म्हणून' अर्धी रक्कम देऊ केली होती. "आई, घेऊन टाक," हे म्हणाले. "झाकली मूठ सव्वा लाखाची. उगाच बोभाटा कशाला?"

"झाकायला माझ्या मुठीत काय चोरीचा माल आहे?" सासूबाई म्हणाल्या. "अर्धे पैसे घेतले म्हणजे मी अर्धी खोटी. मला अर्धंही खोटं व्हायचं नाही."

त्या दिवसापासून त्यांनी मला एक काम लावून दिलं. पेनांच्या शौकिनांचे इंटरनेटवर गट असतात. नवीन पेन घेतलं की हे लोक त्याने चार ओळी लिहून फोटो टाकतात. सासूबाईंचं म्हणणं असं की चोराने पेन पुजायला ठेवलेलं नाही, तो ते विकणार. आणि विकत घेणारा लिहिणार. मग दुपारी दुकान रिकामं असलं की मी मोबाइलवर फोटो मोठे करायचे आणि त्यांनी काचेवर भिंग धरून बघायचं. कुणाकुणाचं अक्षर बघितलं आम्ही. "हा माणूस पेन कुदळीसारखा धरतो," असले शेरे ऐकून माझी करमणूक झाली, पण तीन आठवडे हाती काही लागलं नाही. मी मनातून आशा सोडली होती.

चौथ्या आठवड्यात त्यांनी माझं मनगट धरलं. फोटोत निळ्या शाईतल्या पाच ओळी होत्या. आडव्या रेघा जाड, उभ्या बारीक, आणि प्रत्येक आडव्या रेघेच्या खालच्या कडेला केसाएवढी पांढरी फट. लिहिणारी कुणी शाळेतली शिक्षिका होती, दूरच्या गावची. तिने लिहिलं होतं: 'मी डावखुरी. आयुष्यात पहिल्यांदा एखादं पेन माझ्याशी भांडलं नाही.'

"ही माझी चूक आहे," सासूबाई म्हणाल्या. असं वाक्य इतक्या आनंदाने म्हणणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

आम्ही शिक्षिकेला निरोप पाठवला, मग आवाज मोठा करून फोन केला. तिने पेन विकणाऱ्याची जाहिरात जपून ठेवली होती. त्यात माझंच वर्णन शब्द न शब्द उतरवलेलं, फक्त खोटेचं वाक्य तेवढं गाळलेलं. तिने आमचं सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे पेन चोरीचं आहे," ती म्हणाली. "तुम्ही ते परत मागणार का?"

मी 'हो' म्हणायला तोंड उघडलं. अर्थात मागणार. पेन हातात असलं की पुरावा हातात. सासूबाईंनी मोबाइल माझ्याकडून काढून घेतला.

"पेन तुझं," त्या म्हणाल्या. "तू पैसे मोजून घेतलंस. मालकांनंतर ते पहिल्यांदा डाव्या हातात गेलंय, ते मी काढून घेऊ का? मला पेन नको. माझं नाव परत हवंय. तेवढ्यापुरतं त्या पेनाने एक पान लिहून दे, आणि लिहिताना व्हिडिओ काढ."

"तुम्ही लेखी द्याल, पेन मागणार नाही म्हणून?"

"देते," सासूबाई म्हणाल्या. कुणाला लेखी देणं त्यांच्या जिवावर येतं, मला माहीत आहे. पण दिलं.

शिक्षिकेने एक नाही, तीन पानं लिहिली. सोबत पावती पाठवली, ज्यावर पैसे घेणाऱ्याचं खातं होतं. ते आमच्या गोड माणसाचंच. हे सगळं, आमचं जुनं वर्णन आणि त्यातला दहा रेघांचा फोटो यांच्यासह आम्ही साइटकडे पाठवलं. खोटेच्या त्या वाक्यावर विक्रीच्या आधीची तारीख होती. साक्षीदार म्हणतात तो तिथे बसला होता.

पाच दिवसांनी उत्तर आलं. पूर्ण रक्कम परत मिळेल. खाली लिहिलं होतं, 'सदर प्रकार गैरसमजातून घडल्याचे दोन्ही पक्षांना मान्य आहे.' आणि त्याखाली बटण: 'मान्य'. लाल ओळ सहा महिन्यांनी आपोआप जाईल, असंही कळवलं होतं. आमच्या यांचं बोट बटणाच्या दिशेने निघालं. सासूबाईंनी त्यावर चापट मारली. बावन्न वर्षांच्या मुलाच्या बोटावर.

"कुणाचा गैरसमज?" त्यांनी विचारलं. "माझा समज तर पहिल्या दिवसापासून बरोबर आहे."

"अगं आई, पैसे मिळताहेत. सहा महिने काय, बघता बघता जातील."

"मी एकाहत्तर वर्षांची आहे. सहा महिने खोटी म्हणून बसायला मला वेळ नाही."

मग रोज सकाळी दहाला, पहिलं गिऱ्हाईक यायच्या आत, फोन. रोज नवा आवाज, रोज पहिल्यापासून सगळी हकीकत. 'आपली गैरसोय आम्ही समजू शकतो' हे वाक्य आलं की सासूबाई म्हणायच्या, "गैरसोय नाही, बदनामी. शब्द नीट लिहून घ्या." नऊ दिवस त्यांनी हे केलं. सात जणांनी सांगितलं की ओळ काढता येत नाही, दोघांनी फोन ठेवून दिला. दहाव्या दिवशी कुणी मोठ्या हुद्द्याच्या बाई फोनवर आल्या. त्यांनी विचारलं, "तुम्हाला नेमकं काय हवंय?"

"खोटं मी पाठवलेलं नाही. पाठवलं असं ज्यांनी लिहिलं त्यांनीच ते खोडायचं," सासूबाई म्हणाल्या. "तोवर तुमचे पैसे तुमच्याकडेच ठेवा."

दोन दिवसांनी सासूबाईंनी मला साइटवर त्यांचं नाव उघडायला सांगितलं.

"खाली काय लिहिलंय?"

"काही नाही, आई."

"नीट बघ."

"काहीच नाही."

त्यांनी मोबाइल स्वतः घेतला आणि त्या कोऱ्या जागेवर भिंग धरून बघितलं. मग नाक पुसलं आणि सर्दीला दोष दिला. मला जवळ घेऊन त्या काही बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, पण आमच्यात तशी पद्धत नाही.

त्याच दुपारी त्यांनी सातवं पेन काढलं. या खेपेला मी काही म्हणायच्या आत त्याच म्हणाल्या, "लाव तुझा व्हिडिओ." पेनाचा प्रत्येक भाग सुटा करून दाखवला, निब भिंगाखाली धरली, कागदावर रेघा ओढल्या, पेन डब्यात ठेवलं, चिकटपट्टीच्या जोडावर आडवी सही केली. मी बंद करणार एवढ्यात त्यांनी हाताने थांबवलं आणि थेट कॅमेऱ्यात पाहिलं.

"जो कुणी घेईल त्याने ऐकावं," त्या म्हणाल्या. "आवडलं नाही तर खुशाल परत पाठव. पण हेच पाठव. दुसरं पाठवलंस तर मला कळेल, आणि कळल्यावर मी गप्प बसत नाही. माझा पत्ता डब्यावर आहे. मी रोज दहाला दुकान उघडते."

"आई, एवढं बोलायचं नसतं व्हिडिओत," मी म्हटलं.

"खोडू नकोस त्यातलं काही," त्या म्हणाल्या. मी खोडलं नाही. पेन दुसऱ्याच दिवशी विकलं गेलं.